मुलींना शिकवायला गेले आणि त्यांनी पावतीपुस्तकं पुढे ठेवली

पत्र: "ताई, मी सांगलीची, वय 58. बँकेत नोकरी केली, गेल्या वर्षी व्हीआरएस घेतली. मुलगा बंगळूरला, मिस्टर अजून नोकरीत, दिवसभर घरात मी एकटी. शिकवायची हौस आधीपासून होती ती राहूनच गेली, म्हणून इथल्या एका मुलींच्या बालगृहात गेले, म्हटलं आठवड्यातून दोन दिवस इंग्लिश शिकवते. त्यांनी फॉर्म भरून घेतला, आधार घेतलं, दोन ओळखीच्या माणसांचे नंबर घेतले, पोलीस व्हेरिफिकेशन आणा म्हणाले, मुलींचे फोटो काढणार नाही अशा कागदावर सही घेतली, आणि एवढं सगळं करून तिथल्या मॅडम म्हणतात मुलींबरोबरचं काम तीन महिन्यांनी बघू, तोपर्यंत आमची पावतीपुस्तकं आणि कॅशबुक जरा बघता का. मला फार लागलं हो. आयुष्यभर तेच केलं आणि आता फुकटात पण तेच? मिस्टर म्हणतात सोड ते, पैसे पाठव आणि मोकळी हो. आमचा भिशीचा ग्रुप दुसऱ्या एका आश्रमात वाढदिवसाला केक-पावभाजी घेऊन जातो, तिथे कोणी काही विचारत नाही, मुलं येऊन बिलगतात, इतकं छान वाटतं. मी काय करू? आणि अजून एक, जायला-यायला रिक्षाचे दीडशे रुपये जातात, ते मागितले तर बरं दिसेल का?"

सांगलीकर ताई, नमस्कार.

पहिल्यांदा मनातलं सांगून टाकते, ती संस्था सोडू नका. तुम्हाला ज्या ज्या गोष्टी लागल्या ना, फॉर्म, पोलीस व्हेरिफिकेशन, फोटोची सही, तीन महिने थांबा, त्या सगळ्या वाचून मला उलट त्या मॅडमबद्दल आदर वाटला. लहान मुलींना सांभाळणारी जागा आहे ती. उद्या कोणीही नीटनेटक्या कपड्यातला माणूस येऊन म्हणाला मला मुलींना शिकवायचंय आणि त्यांनी लगेच या या म्हणून दार उघडलं तर तुम्हाला चालेल का? तुमची स्वतःची नात तिथे असती तर? तुमच्यावर संशय म्हणून नाहीये ते. नियम सगळ्यांना सारखा लावला तरच तो नियम असतो, आणि हे तुम्हाला मी काय सांगणार, बँकेत वीस वर्षं तोंडओळख असलेल्या माणसाकडूनही तुम्ही केवायसीचे कागद मागितलेच असणार.

फोटोचं तर कायद्यातच आहे. बाल न्याय कायदा 2015, कलम 74, बालगृहातल्या मुलांचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ज्याच्यावरून ते मूल कोण हे कळेल असं काहीही छापायचं किंवा दाखवायचं नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आता आपण व्हॉट्सॅप स्टेटसला केक कापतानाचा फोटो टाकतो तेव्हा हे कुणाच्या डोक्यातही नसतं, पण विचार करा, त्या मुलीला तिच्याच घरातल्या कुणापासून लांब ठेवलेलं असेल तर तो फोटो फिरत फिरत कुठे जाईल? तुमच्या भिशीच्या मैत्रिणींचं मन चांगलंच आहे, त्यात मला जराही शंका नाही. पण ज्या आश्रमात कोणी काहीच विचारत नाही ती गोष्ट मला काळजीची वाटते, आणि अनोळखी माणसाला पाच मिनिटांत येऊन बिलगणारं मूल बघून आपल्याला बरं वाटतं खरं पण ते मूल तसं का करतंय हाही विचार करायला हवा. ज्यांच्या आयुष्यात मोठी माणसं सारखी येतात आणि जातात ती मुलं असं कुणालाही चिकटायला शिकतात. मी या संस्थांच्या कामात बरीच वर्षं आहे, एका बालगृहात नऊ-दहा वर्षांची मुलगी नवीन येणाऱ्या प्रत्येक दीदीला पहिला प्रश्न हाच विचारायची, "तुम्ही किती दिवसांसाठी आलाय?" नाव नंतर विचारायची. मे महिन्यात कॉलेजची मुलंमुली येतात, प्रोजेक्टचं सर्टिफिकेट झालं की जातात, डिसेंबरात कंपन्यांचे ग्रुप येतात, भिंती रंगवतात, जातात. त्या मुलीला ते सगळं पाठ झालेलं होतं. म्हणून तीन महिने. तुम्ही टिकणार आहात का, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळेला येता का, घरी पाहुणे आले म्हणून न कळवता दांडी मारता का, हे त्यांना मुलींना मध्ये न घालता बघायचंय. मला हे एकदम बरोबर वाटतं.

एक चूक मात्र त्यांच्याकडूनही झालीय, हे त्यांनी तुम्हाला समोर बसवून सांगायला हवं होतं. बहुतेक त्या एकट्याच सगळं ओढत असतील, सकाळी दूधवाला, मग शाळेतनं फोन, मग बाल कल्याण समितीची तारीख, मग कुठल्यातरी मुलीचा ताप, आणि मध्येच तुम्ही आलात, बँकेतल्या आहात कळलं, आणि त्यांच्या तोंडातून निघून गेलं की आमचे हिशोब बघता का. तुम्हाला ते अपमानासारखं वाटलं पण त्या बाईंच्या बाजूने बघा, इंग्लिश शिकवते म्हणणारी माणसं त्यांना वर्षाला पाच-दहा तरी मिळत असतील, कॅशबुक वाचता येणारं माणूस आपल्या पायांनी चालत आलेलं कदाचित पहिल्यांदाच बघितलं असेल त्यांनी.

आता या हिशोबाच्या कामाबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण तुम्ही ते फार हलकं समजताय.

छोट्या संस्था कशाने बंद पडतात माहितीये का? पैसे नाहीत म्हणून पडतात हे आहेच, पण कागद नाहीत म्हणून अडकणाऱ्याही खूप. महाराष्ट्रात सार्वजनिक ट्रस्ट 1950 च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो, दरवर्षी ऑडिट करून ताळेबंद तिथे द्यायचा असतो, शेड्यूल आठ, शेड्यूल नऊ (ताळेबंद आणि जमाखर्चाचे ठरलेले नमुने), आणि विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा दिला तर 90 दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे तो बदल कळवणारा अर्ज, टाकायचा असतो. हे 90 दिवस कधी उलटून जातात कुणाला कळतही नाही. माझ्या ओळखीच्या एका संस्थेत असंच झालं, खात्यावर सह्या दोघांच्या, त्यातले एक आजोबा वारले, चेंज रिपोर्ट कुणी टाकलाच नाही, बँक म्हणाली शेड्यूल वनचा, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या ट्रस्टच्या नोंदीचा, नवीन उतारा आणा मगच सही बदलू, आणि बँकेचंही चुकलं नव्हतं काही. खात्यात पैसे आहेत आणि स्वयंपाकाच्या मावशींचा पगार देता येत नाही. काउंटरच्या पलीकडे बसून तुम्ही अशी माणसं कितीतरी बघितली असतील, फाइल काखेत घेऊन आलेली आणि कुठला कागद कशाला लागतो हेच न कळणारी. आता काउंटरच्या अलीकडे येऊन त्यांच्या बाजूला बसा.

आणि ती पावतीपुस्तकं. देणगीदाराला 80जीची, म्हणजे देणगीवरची इन्कमटॅक्समधली सूट हवी असते, त्यासाठी संस्थेला वर्षभरातल्या देणगीदारांचं 10बीडी नावाचं विवरण इन्कमटॅक्सच्या पोर्टलवर 31 मेच्या आत भरावं लागतं, नाव, पत्ता, पॅन, रक्कम, रोख की चेक की ऑनलाइन, आणि त्यावरून प्रत्येकाचं 10बीई सर्टिफिकेट निघतं. ते निघालं नाही तर देणगीदाराची सूट अडते. उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये फी, म्हणजे महिनाभर कुणाचं लक्ष गेलं नाही तर सहा हजार, एका छोट्या बालगृहाचा कितीतरी दिवसांचा भाजीपाला झाला हा. (नवीन इन्कमटॅक्स कायद्याने कलमांचे नंबर बदलतायत, पण देणगीदाराचा तपशील नीट हवा हे काही बदलणार नाही.)

आता प्रत्यक्षात पावतीपुस्तक कसं असतं ते डोळ्यापुढे आणा. कार्बन घालून लिहिलेली दुसरी प्रत, निम्मी पुसट, रविवारी ज्या मुलीची ड्यूटी होती तिने घाईत लिहिलेली, "श्री. कुलकर्णी काका, रोख 5000", पुढे पॅन लिहिलाय त्यात शून्य आहे की ओ आहे ते कळत नाही. तुम्हाला पॅनची दहा अक्षरं तोंडपाठ असणार, पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर, माणसाचा असेल तर चौथं अक्षर पी आणि पाचवं आडनावाचं पहिलं. म्हणजे कुलकर्ण्यांच्या पॅनमध्ये पाचव्या जागी के नसेल तर काहीतरी गडबड आहे हे तुम्हाला चहा पिता पिता दिसेल, तिथल्या कुणाला ते वर्षभरात दिसणार नाही. आणि 2000 च्या वर रोख दिले तर 80जी मिळत नाही हे तुम्हाला माहितीये, त्या ड्यूटीवरच्या मुलीला नाहीये, म्हणून तिने काकांना सांगितलं नाही, आणि मग काका जुलैमध्ये रिटर्न भरताना फोन करून चिडतात आणि पुढच्या वर्षी देणगी देत नाहीत. एका वाक्याने वाचलं असतं हे सगळं, "काका, सूट हवी असेल तर चेक द्या किंवा जीपे करा." असं एक पान टेबलाच्या काचेखाली तुमच्या अक्षरात लावून टाका, पहिल्याच आठवड्यात करता येईल.

याला मी मुलींचंच काम म्हणते. त्यांच्या पानात संध्याकाळी वरणभात पडतो तो याच कागदांवर.

आपल्याकडे समाजकार्य म्हटलं की डोळ्यापुढे चित्र येतं ते मुलांच्या घोळक्यात बसलेल्या माणसाचं. पण अण्णासाहेब कर्वे बघा, गणिताचे प्रोफेसर, हिंगण्याचं विधवांच्या आणि मुलींच्या शिक्षणाचं काम उभं करताना वर्गणीसाठी गावोगाव फिरले. त्याच्याही आधी 1886 मध्ये त्यांनी मुरूड फंड काढला तो कमाईतला छोटासा भाग बाजूला काढून गावासाठी जमवायचा म्हणून. असा फंड टिकतो तो लोकांना आपला पैसा कुठे गेला ते कळतं म्हणून. विश्वास ही गोष्ट शेवटी वहीत दिसावी लागते.

आणि तुम्ही तर सांगलीच्या. 2019 चा पूर तुम्ही डोळ्यांनी बघितलाय, कृष्णेचं पाणी उतरल्यावर ट्रकच्या ट्रक आले होते, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या आणि जुन्या कपड्यांचे डोंगर, त्यातले कितीतरी कपडे कुणी उचलले पण नाहीत. लोकांना तेव्हा खरं काय हवं होतं? घरातला चिखल काढायला हात हवे होते, भांडी हवी होती, आणि मदतीची रक्कम खात्यात यायची तर भिजून लगदा झालेल्या पासबुकाच्या जागी नवीन पासबुक, खाते नंबर, आयएफएससी, पंचनाम्याचा कागद. शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकून दिवसभर लोकांचे फॉर्म भरून देणारा माणूस फोटोत येत नाही पण त्याच्यामुळे घरं परत उभी राहतात. देणाऱ्याला काय द्यावंसं वाटतं आणि घेणाऱ्याला काय हवं असतं यात फार अंतर असतं ताई, आणि तुम्हाला नशिबाने अशी संस्था भेटलीय जी तोंड उघडून सांगतेय की आम्हाला हे हवंय.

तरीपण. तुमची शिकवायची हौस खोटी आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, आणि मन मारून, कुढत कुढत कॅशबुक लिहिलंत तर ते दोन महिन्यांत सुटेल आणि त्यांना पुन्हा पहिल्यापासून. म्हणून असं करा. मॅडमची वेळ मागून घ्या, अर्धा तास, मुली शाळेत असतील तेव्हा, आणि सरळ बोला. म्हणा की मी हिशोबाचं काम करते पण वार ठरलेला, समजा मंगळवार, दोन ते पाच, तीन महिने. तीन महिन्यांनंतर मुलींबरोबर एक तास, शिकवणं म्हणा, गोष्टी वाचून दाखवणं म्हणा, तुम्ही ठरवा. आणि दुसरी अट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते, की माझ्या शेजारी तुमची एक कार्यकर्ती बसेल आणि ती शिकेल. नाहीतर काय होतं, तुमच्यासारखी हुशार बाई सगळं एकटीच्या डोक्यात ठेवते आणि मग मुलाकडे बंगळूरला चार महिने गेली की इकडे सगळं ठप्प. तुमची शिकवण्याची सुरुवात त्या कार्यकर्तीपासूनच होईल बघा. तिला नुसतं बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे कॅशबुक आणि पासबुक जुळवून बघणं, शिकवलंत तरी ती पोरगी आयुष्यभर लक्षात ठेवेल तुम्हाला. चेकवर, खात्यावर सहीचा अधिकार मात्र घेऊ नका, त्यांनी आग्रह केला तरी नाही. हिशोब तपासणारा एक आणि पैसे काढणारा दुसरा हे वेगळंच असलं पाहिजे.

हिशोब बघताना तुम्हाला संस्थाही कळेल. जमाखर्चात न बसणारी व्हाउचर दिसली, मागची ऑडिटं नाहीत, विचारलं तर उडवाउडवी, तर तेव्हा जरूर बाहेर पडा. तोपर्यंत धर्मादाय आयुक्तांकडचा त्यांचा नोंदणी नंबर बघून ठेवा, सांगलीतही धर्मादायचं ऑफिस आहे. आणि तिथे असताना एखाद्या मुलीशी काही वाईट घडतंय असं कधी कळलं तर गप्प बसायचं नाही, पॉक्सो कायद्यात (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) माहिती असूनही न कळवणं हाच गुन्हा आहे, 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. हे मी प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला सांगते, कुठलीही संस्था असो.

आता शिकवण्यासाठी तीन महिने धीर निघत नसेल तर घराजवळच सोय आहे. उल्लास म्हणून केंद्राचा नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे, 2022 ते 2027, पंधरा वर्षांच्या पुढच्या निरक्षर लोकांसाठी, आणि तो चालतोच स्वयंसेवकांवर. जवळच्या झेडपी किंवा महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापकांना भेटा, ते नाव नोंदवून देतील. तुमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी, शेजारच्या अपार्टमेंटमधले वॉचमन काका, दुपारी एक तास, डायनिंग टेबलावर. त्यात अक्षरओळख आणि आकडेमोडीबरोबर पैशाचे व्यवहारही शिकवायचे असतात, आणि तिथे तुमच्याइतकी योग्य बाई कोण मिळणार. अंगठ्याऐवजी सही, पासबुकातली जमा आणि नावे, ओटीपी कुणालाही द्यायचा नाही, ऑनलाइन फसवणूक झाली तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन. इंग्लिशच्या कवितांपेक्षा हे कमी आहे का?

मिस्टरांचं म्हणणं की पैसे पाठव आणि मोकळी हो, तेही काही वाईट नाही, फक्त मोकळी हो हा भाग सोडून. पैसे पाठवायचेच असतील तर वर्षातून एकदा दिवाळीला मोठी रक्कम देण्यापेक्षा दर महिन्याला पाचशे-हजार खात्यातून आपोआप जातील असं करा, आणि ते कशासाठी वापरा ही अट घालू नका. सगळे लोक ताटं, दप्तरं, मिठाई देतात, लाइटबिल आणि गॅस सिलिंडर कुणी देत नाही. पंधरा ऑगस्टला जिलबीचे इतके बॉक्स येतात की मुलींना नको होतं, आणि जूनमध्ये वह्या घ्यायच्या वेळेला डबा रिकामा.

भिशीच्या मैत्रिणींवर रागवू नका, त्यांना तोडूही नका. आठ-दहा बायका, हातात थोडा वेळ, गाडी चालवता येणाऱ्या दोघी-तिघी, मोठी ताकद आहे ती. मॅडमना विचारा की या सगळ्यांचा उपयोग कसा करायचा. कदाचित म्हणतील मुलींना डेंटिस्टकडे न्यायला कोणी बरोबर हवंय, कदाचित म्हणतील गाद्यांच्या खोळी शिवून हव्यात, पण त्यांनी सांगू दे, आपण ठरवून जायचं नाही. वाढदिवस करायचाच असेल तर त्या मुलींपैकी ज्यांचे त्या महिन्यात वाढदिवस आहेत त्यांचा करा, केकवर त्यांचं नाव, आपलं नाही. आणि फोन पर्समध्ये.

राहिला रिक्षाचा प्रश्न. यात बरं न दिसण्यासारखं काहीच नाही, खूप ठिकाणी स्वयंसेवकांना प्रवासखर्च देतात, आणि आठवड्याला एक खेप धरली तरी महिन्याला सहाशे रुपये सगळ्यांनाच सहज परवडतात असं नाही. पहिल्याच मीटिंगमध्ये विचारून टाका. देत असतील तर व्हाउचरवर सही करून घ्या, आणि परत द्यावेसे वाटले तर घेतलेच नाहीत असं करू नका, आधी घ्या आणि मग तेवढ्याच रकमेची देणगी वेगळी द्या, पावती फाडून. म्हणजे प्रवासखर्च किती झाला ते पण वहीत दिसेल आणि देणगी पण दिसेल. ऑनलाइनच द्या, आणि त्या पावतीवर तुमचा पॅन नीट लिहिलाय ना ते बघा.